गिटाला पाठ असलेली नावं

मार्लीसनं गिटाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गिटा तिच्याच पलंगावर बसली होती. शिवणाची पाळी संपवून बायका कोठडीत परतल्या, तर दुसऱ्या रांगेतल्या खालच्या पलंगावर, मार्लीसनं पहाटे कडा ओढून ओढून बसवलेल्या पांघरुणावर, एक सव्विशीची पोरगी पाय पोटाशी घेऊन बसलेली. बूट काढून ठेवलेले. हातात पाव, आणि चमच्याच्या दांडीनं ती त्यावर मार्गारीन फासत होती.

"बसले हं जरा," ती म्हणाली. "माझा पलंग वर आभाळात आहे. तिथं चढायचं तर आधी पोटात काहीतरी हवं."

बायका हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं ते मार्लीसला कळलं नाही. पोरगी दिसायलाही काही खास नव्हती. नाक बसकं, पुढचा एक दात किंचित आडवा, केस कुणीतरी घाईत कापल्यासारखे. पण थंडीत माणसं न कळत शेगडीकडे सरकतात तशा बायका तिच्याकडे सरकल्या होत्या. मार्लीस हिवाळ्यापासून त्या कोठडीत होती. तिच्याकडे अजून कुणी असं सरकलं नव्हतं.

तिनं पांघरूण झटकलं आणि कडा पुन्हा बसवल्या. मनात काहीतरी टोचलं ते तेव्हापासून. त्याला नाव द्यायला तिला बरीच वर्षं लागली.

तुरुंग म्हणजे पूर्व जर्मनीतल्या एका डोंगरावरचा जुना गड होता. खाली गाव, वर बायका. पहारेकरणी ठेंगण्या, गोल आणि सतत तुरुतुरु चालणाऱ्या, म्हणून बायका त्यांना लावी म्हणत, त्या पाखरावरून. दिवसभर चादरी शिवायच्या. त्या चादरी सरहद्दीपलीकडे, पश्चिम जर्मनीतल्या दुकानांत विकल्या जात. आपण पोचण्याआधी आपलं अंथरूण पोचतंय, असं बायका म्हणत.

कारण पोचायचं सगळ्यांनाच होतं. त्यांतल्या बहुतेकींचा गुन्हा तोच होता. कुणी गाडीच्या डिकीत लपून पळताना सापडली होती, कुणी बाहेर जाऊ द्या म्हणून अर्जावर अर्ज केले होते. आणि एक गोष्ट कुठल्याही वर्तमानपत्रात छापून येत नव्हती, तरी कोठडीत प्रत्येकीला ठाऊक होती. पश्चिमेचं सरकार पूर्वेच्या सरकारला डोईमागे मोल देऊन इथले राजकीय कैदी सोडवून नेत असे. कधी रोकड, कधी म्हणे माल. मग पहाटेच्या मोजणीला लावी दार उघडून एक नाव घेई आणि पुढे दोनच शब्द बोले, "सामानासकट चल." त्या बाईला आधी कार्ल-मार्क्स-श्टाटच्या तुरुंगात नेत, आणि तिथून बसनं थेट पलीकडे. कुणाला न्यायचं हे कसं ठरतं, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पण पलीकडे तुमचं नाव कुणाच्या तरी टेबलावर असायला हवं, एवढं सगळ्या धरून चालत.

भाव काय असेल यावर संध्याकाळी फार चर्चा व्हायची. ओटीआजी कोठडीत सगळ्यांत थोरली. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, नातवाला पळायला मदत केली म्हणून आत आली होती. तिचं मत असं, की डॉक्टरीण असेल तर सरकारला महाग पडते, साधी बाई स्वस्तात जाते.

"मग माझ्या बदल्यात काय देतील?" गिटा वरच्या पलंगावरून म्हणाली. "संत्र्यांची एक पेटी. नाताळात दुकानात संत्री दिसली की ओळखा, गिटा पोचली."

गिटा माग्डेबुर्गच्या स्टेशनातल्या खानावळीत वाढपी होती. एका मालट्रकमध्ये, रिकाम्या पिंपांच्या मागे, सरहद्दीवर सापडली होती. तिकडे कोण आहे तुझं, असं कुणी विचारलं की ती सरळ सांगायची, कुणी नाही. मग कशाला निघाली होतीस? तर स्वतःची खानावळ काढायची होती. सहा टेबलं, एक बिअरचा नळ, आणि दारावर आपलं नाव. इकडे तो परवाना तिला जन्मात मिळाला नसता.

मार्लीसला हे ऐकून नवल वाटायचं आणि थोडी कीवही यायची. सहा टेबलांसाठी तुरुंग. तिचं स्वतःचं तसं नव्हतं. ती प्लाउएनच्या लेसच्या कारखान्यात माल तपासायची, लांबच लांब पडद्यांतला एक तुटका टाका तिच्या नजरेतून सुटत नसे. नवरा एकार्ट मावशीच्या अंत्यविधीला म्हणून परवानगी काढून पलीकडे कासेलला गेला आणि तिथंच राहिला. तिनं मग अर्ज सुरू केले. नवऱ्याकडे जाऊ द्या. पाचसहा अर्जांनंतर सरकारला त्यात सरकारची बदनामी दिसली. तर ती आत होती ती नवऱ्यासाठी, आणि नवरा बाहेर तिच्यासाठी धडपडत होता. निदान तिचा तसा विश्वास होता, आणि तो ती कोठडीत रोज कुठल्या ना कुठल्या वाटेनं सांगे. "आमच्या ह्यांनी वकील गाठलाय." "आमचे हे लिहितात, धीर धर म्हणून."

"मार्लीसबाई," गिटा एकदा म्हणाली, "तुमच्या ह्यांना म्हणावं, वकिलाला वेळ असेल तर एक ओळ माझ्यासाठी पण खरडा."

बाकी सगळ्या एकमेकींना अगं-तुगं करत. त्यांच्याकडे रीत अशी, की वयानं मोठी असेल तिनं आधी म्हणायचं, मला तू म्हण. मार्लीसनं ते कुणालाच म्हटलं नव्हतं. म्हणून कोठडीत एकटी तीच तुम्ही होती, आणि तीही पोरीसोरींना तुम्हीच म्हणायची. तिला वाटायचं, यात मान आहे. नंतर नंतर तिच्या लक्षात आलं, की रात्री कुजबूज सुरू झाली की ती तिच्या पलंगाला वळसा घालून पुढे जाते.

मेमध्ये मार्लीसचा वाढदिवस आला. तारीख ओटीआजीनं काढून घेतली होती. पावाचा चुरा, कॉफीच्या नावानं मिळणारं ते काळं पाणी, मार्गारीन आणि साखर चमच्यानं घोटून घोटून केलेला लोण्यासारखा गोळा, मध्ये जॅमचा थर, असा केक गिटानं तीन दिवसांच्या वाट्यातून जमवून केला. कोठडीतले केक तिच्याचकडे असत. वरती किती काड्या रोवायच्या म्हणून तिनं जन्मसाल विचारलं, आणि मार्लीसनं नाइलाजानं सांगितलं. बायकांनी दबक्या आवाजात गाणं म्हटलं. मग जी ती केकची तारीफ करू लागली. गिटा, हे जमवलंस कसं, गिटा, साखर कुठली एवढी, गिटा, माझ्या वेळी पण अस्साच. मार्लीस हातात तुकडा घेऊन बसून राहिली. वाढदिवस तिचा होता, आणि तोही गिटाच्याच नावावर गेला होता. केक मात्र खरंच चांगला झाला होता. तिनं पूर्ण खाल्ला.

त्या कोठडीत एक रिवाज होता. बाहेर पडणारीला कागदाचा कपटाही नेता येत नसे, अगदी अंतर्वस्त्रांच्या शिवणीसुद्धा उसवून पाहत. म्हणून प्रत्येकीनं बाकीच्यांची नावं तोंडपाठ ठेवायची. पूर्ण नाव, जन्मतारीख, शिक्षा किती. जिचं नाव पुकारलं जाईल तिनं पलीकडे पोचल्यावर, गीसेनच्या छावणीत, सरकारी माणसापुढे बसून ती सगळी ओकून टाकायची. म्हणजे मागे राहिलेल्यांची नावं पुढच्या खेपेच्या टेबलावर पोचत. शिवणयंत्रांच्या खडखडाटात बायका ओठ हलवत तेच घोकत असत. लावींना वाटायचं, प्रार्थना करताहेत.

मार्लीस यात नव्हती. एक तर कोठडीत कान कुणाचे आहेत ते सांगता येत नाही. आणि दुसरं, तिच्या मते हा रिवाज ज्यांचं बाहेर कुणी नाही त्यांचा होता. तिचं काम रीतसर वकिलाच्या हातून चाललं होतं.

जूनच्या एका पहाटे दार उघडलं. सगळ्या पलंगांपुढे उभ्या होत्या. मार्लीस रोजच्यासारखी आपल्या नावाची वाट पाहत होती. लावी म्हणाली, "गिटा पोहल. सामानासकट."

सगळ्या एकदम तिच्याभोवती गोळा झाल्या. चादर, वाडगा, चमचा एवढंच सामान बांधायचं, त्याला कितीसा वेळ लागणार. तेवढ्या वेळात जी ती तिच्या कानात आपापलं पुन्हा एकदा म्हणून घेत होती. ओटीआजीनं आपली तारीख दोनदा सांगितली, कारण म्हातारपणी आपलाच आपल्यावर भरवसा नाही म्हणाली. मार्लीसच्या वरच्या पलंगावरची कारीन तर रडतच सांगत होती.

मार्लीस तोंड धुण्याच्या नळापाशी उभी होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हिला? कुणी मागितलं हिला? जिला पलीकडे कुत्रंही ओळखत नाही, तिच्यासाठी एक सरकार पैसे मोजतं, आणि नवरा असून, वकील असून, मी इथं नळ धरून उभी. रागाचं तिला काही वाटलं नाही. राग यायचा तेव्हा तो तिला समजत असे. हे त्याहून वाईट होतं. गिटानं चादरीची गाठ बांधली तर ती गाठ आपली असायला हवी होती, असं तिला वाटलं. गिटाचे फाटके बूटसुद्धा तिला त्या क्षणी हवे होते.

गिटा तिच्यापाशी आली. घाई होती, लावी दारात उभी होती.

"मार्लीसबाई, तुमचं सांगा."

"माझं राहू द्या," मार्लीस म्हणाली. "माझी काळजी करणारं माणूस आहे तिकडे. ज्यांचं कुणी नाही त्यांची ओझी वाहा तुम्ही."

गिटानं तिच्याकडे क्षणभर पाहिलं, जेवण परत पाठवणाऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.

"बरं बाई," ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर कित्येक दिवस कोठडीत मार्लीसशी कुणी कामापलीकडे बोललं नाही. तिलाही ते चाललं असतं. चाललं नाही ते दुसरंच. उन्हाळा संपता संपता खिडकीजवळच्या रांगेतली एक पुकारली गेली, मग आणखी एक. दोघी गिटानं नेलेल्या नावांतल्या. नाताळला प्रत्येकीच्या वाटीत एक संत्रं पडलं, लहानसं, क्यूबाचं, सोलायला चिवट. ओटीआजीनं ते दोन्ही हातांत धरून सगळ्यांना दाखवलं. "ही बघा, पोचली आपली गिटा." बायका हसता हसता रडल्या. मार्लीसनं आपलं संत्रं सोललं नाही, कारीनला देऊन टाकलं. पुढच्या महिन्यात ओटीआजीचं नाव आलं. आजीला जिना उतरता येईना, दोघींनी दोन बाजूंनी धरून नेलं. जाताना तिनं मार्लीसच्या गालाला हात लावला.

इकडे एकार्टची पत्रं आखूड होत गेली. आधी दोन पानं असत. मग एक पान, मग कासेलच्या बागेचं चित्र असलेलं कार्ड. तब्येतीला जप, प्रयत्न चालू आहेत. कुठले प्रयत्न ते त्यात नसे. मार्लीस ते कार्ड पलंगाच्या डोक्याशी असं लावायची की येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसावं. रात्री मात्र तिच्या मनात यायचं, की गिटा आत्ता कुठे असेल. काय खात असेल. कुणाला हसवत असेल. एकार्ट कसा दिसतो हे तिला हळूहळू आठवेनासं झालं होतं, गिटाचा तो आडवा दात मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हता.

आणि पुढच्या वसंतात, मोजणीच्या वेळी, लावीनं तिचं नाव घेतलं. मार्लीस हेरोल्ड. सामानासकट.

तिला वाटलं होतं आपण कोसळू. पण ती ताठ चालत गेली. आमच्या ह्यांनी केलं, हे एकच वाक्य तिच्या मनात होतं, आणि ते ऐकवायला समोर गिटा नाही याचंच तिला वाईट वाटलं.

कार्ल-मार्क्स-श्टाटला माणसाला बाहेर दाखवण्याजोगं करत. खरी कॉफी, सॉसेज, सफरचंद, हवं तेवढं लोणी. केस धुवायला गरम पाणी. तिथं तिला तिचा जुना स्कर्ट परत मिळाला, तो कमरेवर फिरायला लागला होता. ती प्रत्येक घास एकार्टसाठी खात होती, गालांवर मांस यावं म्हणून. मग एका दुपारी बस. आत रांगेनं बायका-पुरुष, सगळे हात मांडीवर ठेवून, शाळेत बसल्यासारखे. सरहद्दीपाशी चालकानं एक बटण दाबलं, आणि बसच्या नंबराची पाटी फिरून दुसरीच झाली, असं मागाहून लोक सांगत. मार्लीसला ते दिसलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की चालकानं आरशातून मागे पाहिलं आणि म्हणाला, "झालं मंडळी. आता बोललात तरी चालेल."

गीसेनला छावणीच्या फाटकाशी माणसं उभी होती. मार्लीसनं खिडकीतून चेहरे पाहायला सुरुवात केली. लेस तपासायची सवय, एकेक चेहरा डावीकडून उजवीकडे. एकार्ट नव्हता. पुन्हा पाहिलं. नव्हता. पण फाटकाच्या बाजूला एक मोठं पातेलं घेऊन, कमरेला पांढरं फडकं बांधून, गिटा उभी होती.

बसमध्ये गडावरच्या आणखी तिघी होत्या, कारीनही. दार उघडताच तिघीही धावल्या. गिटानं डाव खाली ठेवला आणि तिघींना एकदम कवेत घेतलं. कारीन तर तिच्या खांद्यावर अशी कोसळली की पातेलं सांडता सांडता वाचलं. मार्लीस पायरीवर उभी राहून पाहत होती. तिच्या आयुष्यातला आज सगळ्यांत मोठा दिवस होता, आणि तिच्या मनात आलं ते हे, की असं माझ्या गळ्यात कुणी पडलं नाही.

गिटा तशी सुटून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात हाम्बुर्गला जाणार होती. तिथं खानावळी फार, कामं मिळतात, असं तिला सांगितलं होतं. पण छावणीजवळच्या एका खानावळीत तिला तात्पुरतं काम लागलं, आणि मग बस यायच्या. बस कधी येणार ते कुणी सांगत नसे, पण छावणीच्या स्वयंपाक्याला जास्तीचा पाव मागवावा लागे, आणि तो गिटाकडे बिअर प्यायला यायचा. असं करत ती राहिली ती राहिलीच. आलेल्यांना बटाट्याचं सूप वाढायची आणि चेहऱ्यांत आपण नेलेली नावं शोधायची.

छावणीच्या कचेरीत एक शांत, चष्मेवाली बाई होती. नाव, गाव, कुठं जाणार. मार्लीसनं सांगितलं, कासेल, नवऱ्याकडे, त्यांनीच सगळं केलंय, त्यांना कळवलंत ना? बाईनं समोरचे कागद चाळले. आवाज हळू करून ती म्हणाली, की नवऱ्याकडून काही आलेलं दिसत नाही. तुमचं नाव आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात आलं, तुमच्याच कोठडीतल्या एका तरुण बाईकडून. त्याआधी तुम्ही आम्हाला माहीत नव्हतात.

मार्लीस बाहेर आली. गिटा पातेल्याच्या तळाचं सूप खरवडत होती. आसपास कुणी नव्हतं.

"माझं नाव तुम्ही सांगितलंत?"

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतं ना. सगळ्यांनी ऐकलंय."

"मग कशाला सांगितलंत?"

गिटानं डाव कडेला आपटून झटकला. "उपकार म्हणून नाही हो. मी पलंगांवरून पाठ केलं होतं. दाराकडून खिडकीकडे, खालून वर. तुमचा पलंग सोडून पुढे जायला लागले की तुमच्या वरची कारीन आठवेना, आणि कारीन गेली की पुढची अख्खी भिंत गेली. बसमध्ये कितीदा तरी म्हणून पाहिलं. शेवटी म्हटलं, जाऊ दे, घाला बाईंना मध्ये."

"आणि तारीख?"

"केक कोणी केला होता?"

मार्लीस तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. गिटा हसत नव्हती.

"एवढंच कारण?"

"एवढंच." मग गिटानं तिचा चेहरा पाहिला आणि तिचा सूर बदलला. "अगं, अशी उभी नको राहूस. बस इथं. सूप घे आधी, मग काय रडायचं ते रड."

कुणी कुणाला तू म्हणायची परवानगी दिली नव्हती. मार्लीस बसली, आणि तिनं सूप घेतलं.

एकार्ट रविवारी आला. नवा कोट, हातात फुलं. कॉफीच्या दुकानात बसून त्यानं सगळं नीट, क्रमानं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. आपल्याला वाटलं शिक्षा संपली की तू घरीच जाशील, आईकडे. वकिलाकडे जायचं जायचं म्हणून राहिलं. आणि आता कासेलच्या घरी एक बाई आहे, आणि तिला दिवस गेलेत. मार्लीसनं फुलं घेतली, त्याला बसथांब्यापर्यंत सोडलं. इतके महिने ज्याच्यासाठी ती जगली त्याचा तिला मत्सर वाटला नाही, त्या बाईचाही नाही. सगळा मत्सर आधीच एका ठिकाणी गुंतलेला होता, दुसरीकडे द्यायला उरलाच नव्हता.

तिला टोचत होतं ते भलतंच. आपण नवऱ्याच्या प्रेमानं सुटलो नाही. कुणाच्या दयेनंही नाही. कारीन आठवायला हवी होती म्हणून आपण आठवलो. रस्त्यातला दगड जसा वाट लक्षात ठेवायला उपयोगी पडतो, तेवढ्यापुरत्या. गिटानं आपल्याला निवडलं असतं, किंवा सरळ नाव गाळलं असतं, तर आपण तिचा राग तरी करू शकलो असतो.

ती गीसेनमध्येच राहिली, दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून. एका पडद्यांच्या दुकानात तिला काम मिळालं. काही वर्षांनी गिटानं खरोखरच आपली खानावळ काढली. टेबलं सहा नव्हती, नऊ होती, आणि दारावर नाव होतं. मार्लीस शुक्रवारी तिथं जेवायला जायची, भिंतीकडच्या टेबलावर. गडावरच्या बायका कुठून कुठून यायच्या, श्टुटगार्टहून, ब्रेमेनहून, आणि दारातच गिटा म्हणून हाक मारायच्या. तिच्या गळ्यात पडायच्या. मग वळून म्हणायच्या, अगं, मार्लीस पण आहे. त्या पण शब्दाची मार्लीसला पुरती सवय झाली होती, तरी तो थोडा टोचायचाच.

अशाच एका शुक्रवारी खानावळ भरली होती. गिटा ऑर्डरी घेत फिरत होती. या टेबलावर दोघं, त्यावर पाचजण, मध्येच कुणीतरी उठून जागा बदलली, एकानं भाजकं मांस नको म्हणून मासा सांगितला, दारातून आणखी चौघं आले आणि उभ्या उभ्याच सांगून मोकळे झाले. गिटानं काही लिहून घेतलं नाही. कधीच घेत नसे. आत जाऊन तिनं स्वयंपाक्याला ते सगळं भलत्याच क्रमानं सांगितलं, मासे आधी, मुलांचं आधी, म्हाताऱ्यांचं आधी. आणि एकही ताट चुकलं नाही.

मार्लीसचा काटा हातातच राहिला. लेसमधला तुटका टाका दिसावा तसं तिला ते एकदम दिसलं. हिला आठवायला ओळ लागत नाही. हिला कधीच ओळ लागली नव्हती. जी बाई भरल्या खानावळीत कुणाचं काय ते कुठूनही सुरू करून सांगते, तिला एक पलंग सोडून पुढचा आठवला नाही?

म्हणजे त्या दिवशी, फाटकाशी, सूप खरवडता खरवडता, समोर ताठ उभ्या असलेल्या बाईचा मान राहावा म्हणून तिनं ते जागच्या जागी रचलं होतं. खरंच तुला मोकळं पाहायचं होतं, असं म्हटलं तर ही बाई ते घेणार नाही, हे तिला एका नजरेत कळलं होतं.

मार्लीसला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी जे आलं ते ओळखीचंच होतं. इतक्या सफाईनं, इतक्या चटकन, कुणाला काही न लागू देता एखाद्याशी चांगलं वागणं आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं, आणि हिला ते पातेलं खरवडताना जमतं. हे पण हिलाच.

गिटा ताटं उचलायला आली. "काय गं, जेवत का नाहीस? खारट झालंय का?"

"नाही," मार्लीस म्हणाली. "चांगलं झालंय. दरवेळी चांगलंच कसं करतेस, एवढाच राग आहे."

गिटा हसली, तो आडवा दात दिसला, आणि ती पुढच्या टेबलाकडे गेली. मार्लीसनं तिला त्या पलंगांबद्दल काही विचारलं नाही, पुढेही कधी नाही. इतकं नीट बांधलेलं खोटं उसवायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

भिंत पडली, दोन्ही राज्यं एक झाली, छावणीत बस यायच्या थांबल्या. ओटीआजी नातवाच्या घरी वारली. गडावर आता शाळेची मुलं पाहायला जातात, आणि तिथं बोलायला गिटाला बोलावतात. मार्लीसला बोलावत नाहीत. ती गिटाबरोबर आगगाडीनं जाते, मागच्या बाकावर बसते, आणि गिटा एखादी गोष्ट फारच रंगवू लागली की खोकते.

गिटा आता पंचाहत्तरीची आहे. खानावळ तिनं एका तुर्की जोडप्याला चालवायला दिली आहे. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ती राहते, आणि दर बुधवारी सकाळी नगरपालिकेच्या तलावात पोहायला जाते.